फवारणीचं औषध विहिरीत आणि ओढ्यात कुठून जातं? (भरण्याची जागा, पाइपातून उलटं ओढलं जाणं, धुण्याचं पाणी, बाटल्या)

वाफसा

औषधानं पाणी खराब होतं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पिकावरची फवारणी येते. पण विहिरीचं जास्त नुकसान होतं ते बॅरल भरताना आणि पंप धुताना, त्या दहा-पंधरा मिनिटांत. पिकावर औषध पातळ होऊन एकरभर पसरतं, तिथे ऊन आणि मातीतले जीवजंतू त्याचं विघटन करतात. भरण्याच्या जागी मात्र घट्ट औषध दर वेळी त्याच चार-पाच फुटांत सांडतं, आणि ती जागा पाणी जवळ हवं म्हणून बहुतेक विहिरीलगतच असते. खाली मुरूम असतो. मुरमात सेंद्रिय पदार्थ नसल्यामुळे औषध धरून ठेवायला काही नसतं.

किती सांडलं म्हणजे जास्त, याचा हिशेब असा. विहीर २० फूट व्यासाची आणि पाणी १५ फूट धरलं तर सुमारे १ लाख ३३ हजार लिटर पाणी होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) ॲट्राझिन या तणनाशकाची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. ५० टक्क्यांच्या भुकटीच्या १ ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅम ॲट्राझिन, आणि तेवढं अडीच लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन ठेवायला पुरतं. म्हणजे पुडी फाडताना उडालेली चिमूटभर भुकटी पूर्ण विहिरीला भारी आहे. ऊस आणि मक्याच्या पट्ट्यात हे गंभीरपणे घ्या.

म्हणून भरण्याची जागा विहीर, बोर, ओढा यांपासून किमान १०० फूट दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला हवी. पाणी पाइपानं किंवा टाकीनं तिथे न्या, औषध पाण्यापाशी आणू नका. शक्य असेल तर प्लॉटमध्येच, दर वेळी वेगळ्या ओळीत भरा. खाली जाड ताडपत्री अंथरून चारही कडा विटांवर उचलून घ्या. मोजमापाचा मग बॅरलच्या तोंडावरच धरायचा, जमिनीवर ठेवून ओतायचं नाही.

कृष्णाकाठ

चांगला विषय. आमच्या भागात बॅरल भरायला मोटरीचा पाइप सरळ आत सोडतात, औषध आधीच टाकलेलं असतं. मधेच लाइट गेली तर ते पाणी उलटं विहिरीत जातं असं ऐकलंय. खरंच जातं का? फूटव्हॉल्व्ह असतो ना?

ठिबकदादा

जातं. मोटर बंद पडली की पाइपातला पाण्याचा स्तंभ खाली घसरतो आणि मागे पोकळी तयार होते. पाइपाचं तोंड द्रावणात बुडालेलं असेल तर ती पोकळी बॅरल ओढून घेते. फूटव्हॉल्व्हनं (सक्शन पाइपाच्या तळाची एकदिशा झडप) हे थांबायला हवं, पण त्याच्या रबरात एक काडी किंवा वाळूचा खडा अडकला की तो गळतो. सकाळी मोटर चालू केल्यावर पाणी यायला वेळ लागत असेल, तर तुमचा फूटव्हॉल्व्ह आजच गळतोय असं समजा.

याला फुकटातला उपाय आहे: पाइपाचं तोंड बॅरलच्या काठापेक्षा किमान अर्धा फूट वर बांधा. मधे हवा असली की उलटं ओढलं जाणं शक्यच नाही. अँगलचा एक स्टँड करून त्याला पाइप कायमचा आवळून टाका, म्हणजे गड्याच्या लक्षात राहण्यावर ते अवलंबून राहत नाही. पाइप आत बुडवल्यानं फेस कमी होतो म्हणून लोक बुडवतात. त्यासाठी आधी अर्धं बॅरल पाणी भरावं, मग औषध टाकावं आणि उरलेलं पाणी हळू सोडावं.

खरा धोका व्हेंचुरीत (पाण्याच्या लाइनीत खत ओढून घेणारं साधन) आहे, कारण तिथे हवेचं अंतर ठेवता येत नाही. खताची टाकी थेट मेन लाइनला जोडलेली असते. मोटर ते व्हेंचुरी या टप्प्यात हे हवंच:

१. मोटरीच्या डिलिव्हरीवर स्प्रिंगचा एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह). झडपेचा चालतो, पण आडव्या पाइपात झडपेची बिजागरी वरच्या अंगाला येईल असाच बसवा, नाहीतर झडप नीट मिटत नाही.
२. एनआरव्ही आणि मोटर यांच्या मधे, पाइपाच्या वरच्या अंगाला हवा आत घेणारा व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम ब्रेकर). एनआरव्ही गळला तरी हा हवा ओढतो, खत ओढू देत नाही. बहुतेक जोडण्यांत नेमका हाच नसतो.
३. त्याच तुकड्यात खालच्या बाजूला अर्धा इंची निचरा कॉक. मोटर बंद करून तो उघडा. सुरुवातीचं थोडं पाणी येऊन थांबायला हवं. धार सुरूच राहिली तर एनआरव्ही गळतोय, लगेच खोला.
४. खताच्या टाकीतून येणाऱ्या नळीवर वेगळा छोटा एनआरव्ही. हा नसेल तर दाब वाढल्यावर पाणी टाकीत शिरतं, टाकी ओसंडते आणि सगळं खत विहिरीच्या कठड्यापाशी.

विजेवर चालणारा डोसिंग पंप असेल तर त्याची वायर मोटरीच्या स्टार्टरमधूनच घ्या. मोटर पडली की डोसिंगही पडलं पाहिजे. खत संपल्यावर किमान २० मिनिटं साधं पाणी चालवून लाइन धुवा.

किती फरक पडतो? वर वाफसांनी धरलेल्या विहिरीत १० किलो युरिया उलटा गेला आणि त्यातलं सगळं नत्र पुढे नायट्रेट झालं, तर लिटरला सुमारे १५० मिलिग्रॅम नायट्रेट होतं. मर्यादा ४५ आहे. तान्ह्या बाळाच्या दुधात ते पाणी गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते, आणि नायट्रेट पाणी उकळून जात नाही, उलट घट्ट होतं.

रानवेल

ठिबकदादा, निचरा कॉकची युक्ती फार उपयोगी, धन्यवाद. माझा प्रश्न उरलेल्या द्रावणाचा आणि धुण्याच्या पाण्याचा. गावात एक सल्ला सर्रास दिला जातो की शोषखड्डा करा आणि त्यात सोडा. बरोबर आहे का?

वाफसा

नाही, ताई. शोषखड्डा सांडपाणी लवकर जमिनीत मुरावं म्हणून असतो. दगड-विटांचे तुकडे, खाली मुरूम, सगळी रचना पाणी खाली घालवण्यासाठी. औषध मात्र वरच्या जिवंत मातीत जितकं रेंगाळेल तितकं चांगलं. शोषखड्ड्यात सोडणं म्हणजे भूजलाला थेट नळ जोडणं.

पहिलं म्हणजे उरूच द्यायचं नाही. एक गुंठा (३३ बाय ३३ फूट) साध्या पाण्यानं नेहमीच्या चालीनं फवारा, आधी खूण करून ठेवलेल्या पातळीपर्यंत पंप परत भरा, किती लिटर लागले ते मोजा. त्याच्या ४० पट एकराला. गुंठ्याला ५ लिटर लागलं तर एकराला २०० लिटर, म्हणजे एक बॅरल. नोझल झिजलं की हा आकडा वाढतो, म्हणून हंगामात दोनदा तरी मोजा. पिकाचा वाढता आकारही धरा, छाटणीनंतर १५ दिवसांनी आणि ६० दिवसांनी द्राक्षाला सारखं पाणी लागत नाही.

एचटीपी (जास्त दाबाचा, लांब नळीचा) पंप वापरणाऱ्यांनी नळी विसरू नये. ८.५ मिमी आतल्या व्यासाच्या १०० मीटर नळीत साडेपाच लिटरच्या वर द्रावण असतं. बॅरल संपलं की लोक नळी गुंडाळतात आणि ते सगळं गोठ्यापाशी ओघळतं. बॅरल रिकामं होत आलं की सक्शन १०-१२ लिटर साध्या पाण्याच्या बादलीत टाका, परतीचा पाइपही त्याच बादलीत, आणि गन शेवटच्या ओळीवर चालू ठेवा.

टाकी धुताना एकदाच भरपूर पाणी घेऊ नका. ५ लिटर द्रावण तळाशी उरलंय आणि धुवायला ६० लिटर पाणी आहे असं धरा. एकदम टाकलं तर ते १३ पट पातळ होतं. तेच २० लिटरनं तीनदा धुतलं, दर वेळी पूर्ण फवारून काढलं, तर १२५ पट पातळ होतं. ते धुण्याचं पाणी त्याच पिकावर, कमी फवारा बसलेल्या ओळीत. ओढ्यात पंप बुडवून धुणं बंदच करा. सायपरमेथ्रिन, लॅम्डा यांसारख्या औषधांना मासे फार नाजूक असतात, लिटरमागे मायक्रोग्रॅमनंही मरतात.

मृद्गंध

पिकावर सोडणं शक्य नसलेलं पाणी उरतंच, म्हणजे पंपाचं बाहेरचं अंग धुतलेलं, काढणीच्या तोंडावर आलेल्या प्लॉटचं. त्यासाठी बायोबेड करा, म्हणजे औषधाचं पाणी धरून त्याचं विघटन करणारा काड-मातीचा खड्डा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये ही पद्धत निघाली, पुढे युरोपात आणि ग्वाटेमालासारख्या देशांतल्या शेतकऱ्यांकडेही गेली. मूळ मिश्रण आकारमानानं २ भाग काड, १ भाग पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा), १ भाग वरची माती. काडातलं लिग्निन (काडाला कडकपणा देणारा घटक) खाणारी पांढरी बुरशी वाढते आणि तिची विकरं औषधाचे रेणूही तोडतात. माती इतर जीवाणू पुरवते, पीट ओल धरतं आणि सामू (पीएच) खाली ठेवतं.

आपल्याकडे असं करता येईल. खड्डा २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, ६० सेंमी खोल. तळाला आणि बाजूंना शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद, तळाला एका कोपऱ्याकडे उतार आणि त्या कोपऱ्यात जाळी बांधलेला २ इंची पाइप उभा. खाली पाणी साचलं तर तिथून उपसून परत वर टाकता येतं. मिश्रण: २ भाग गव्हाचं काड (२ ते ५ सेंमी तुकडे), १ भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), १ भाग त्याच शेतातली वरची माती. त्या मातीतल्या जीवाणूंना तुमची औषधं ओळखीची असतात. मिश्रण ओलं करून महिना-दीड महिना ढीग घालून ठेवा, मगच खड्ड्यात भरा. ताजं भरलं तर काड बसतं आणि खड्डा अर्धा होतो. वर हिरवळ लावा: ती पाणी ओढते, आणि एका जागी जळाली तर तिथे घट्ट औषध पडलंय हे कळतं.

वरून पत्रा हवाच. पावसाळ्यात उघडा ठेवला तर तो भरून वाहतो आणि आपण औषधाची चारी तयार केल्यासारखं होतं. ओल मुठीत दाबल्यावर हात ओला होईल पण ठिबकणार नाही इतकी. पाणी तुंबलं तर हवा संपते, सडका वास येतो, बुरशी मरते. दर वर्षी काड-मातीची भर घाला.

शेणखत जास्त घालण्याचा मोह टाळा. नत्र वाढलं की जीवाणू बुरशीवर मात करतात आणि लिग्निन तोडणारी विकरं कमी पडतात. आपल्या चुनखडीच्या जमिनींचा सामू ८ च्या आसपास असतो, म्हणून कोकोपीट वगळू नका.

द्राक्षबाग_तासगाव

बायोबेड मान्य, पण द्राक्षवाल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) आणि कॉपरची भांडी त्यात धुवायची नाहीत. तांबं हे मूलद्रव्य आहे, त्याचं विघटन होत नाही. १ किलो मोरचुदात सुमारे २५० ग्रॅम तांबं असतं, ते जसंच्या तसं खड्ड्यात साठत जातं आणि जी बुरशी आपण पोसतोय तिलाच मारतं. बोर्डोचं उरलेलं आणि धुण्याचं पाणी बागेतच, ओलांड्यांवर (वेलीच्या आडव्या फांद्या) आणि खोडांवर फवारून संपवा. बोर्डो तसंही ताजं करून त्याच दिवशी वापरायचं असतं, मग प्लॉटला लागेल तेवढंच करा.

दुसरा मुद्दा शेजाऱ्याच्या शेताचा. उसात तणनाशक म्हणून २,४-डी मारतात आणि शेजारची द्राक्षं, कापूस, टोमॅटो बिघडतात. द्राक्षाचं पान पंख्यासारखं आकसतं, कडा दातेरी होतात, शिरा जवळजवळ येतात. याला लोक विषाणू समजून वर आणखी औषधं मारतात. एस्टर प्रकारचं २,४-डी उन्हात वाफ होऊन दूर जातं. जवळ द्राक्ष किंवा कापूस असेल तर अमाइन किंवा सोडियम क्षारच घ्या. तणनाशकाला कटचं किंवा फ्लडजेट नोझल, दाब कमी, नोझल जमिनीपासून दीड फुटावर. धुकं उडवणारं कीटकनाशकाचं नोझल तणनाशकाला कधीच नको. पंपही वेगळा ठेवा, २,४-डी रबर-प्लास्टिकमध्ये मुरतं आणि धुऊनही मागे राहतं.

वारा कसा बघायचा? पानं नुसती सळसळतील इतका, ताशी ३ ते १० किमी, आणि वाहण्याची दिशा नाजूक पिकाच्या उलटी. अगदी निवांत पहाट चांगली वाटते, पण ती वाईट. थंड हवेचा थर जमिनीलगत अडकलेला असतो, बारीक थेंब त्यात तरंगत राहतात आणि आडवे सरकत दूरवर जातात. उदबत्ती लावून बघा. धूर वर न जाता आडवा पसरला तर थांबा, ऊन चढू द्या.

ब्लोअरवाल्यांनी कडेच्या दोन ओळींत बाहेरच्या बाजूची नोझलं बंद ठेवून फक्त आतल्या बाजूनं मारावं, आणि ओळीच्या टोकाला वळताना फवारा बंद करावा. बांधालगत ओढा किंवा रस्ता असतो तिथे एवढ्यानंच मोठा फरक पडतो.

व्हाळाकाठ

कोकणातून. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिमीच्या घरात आणि खाली जांभा. जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात, पाणी गाळलं न जाता सरळ विहिरीत उतरतं. त्यामुळे हापूसच्या बागेत पॅक्लोब्युट्राझोल (कल्टार, झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) देताना काळजी जास्त घ्यावी लागते. ते मातीत महिनोन्महिने टिकतं आणि ते देण्याची वेळ नेमकी जुलै-ऑगस्टची, भर पावसातली.

मात्रा झाडाच्या विस्ताराच्या व्यासावर: दर मीटरला ३ मिलि. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण मोजून सरासरी घ्या. ८ मीटरच्या झाडाला २४ मिलि. अंदाजे बाटली उलटी करणारे दुप्पट देतात, झाडाचाही गळा आवळतात आणि पाण्यालाही नासवतात. खोड आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध वर्तुळात २५-३० छोटी भोकं, १०-१५ सेंमी खोल, त्यात पाण्यात मिसळलेलं औषध समान वाटून लगेच मातीनं बुजवायचं. वरवर ओतलं की उताराला लागतं. जमीन ओली पण पाणी वाहत नसेल अशी उघडीप निवडा. व्हाळाच्या किंवा पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेच्या झाडांना मी तर देऊच नका म्हणेन.

कृष्णाकाठ

ओढ्याच्या काठाला गवताची पट्टी ठेवा असं कृषी विभागवाले सांगतात. त्यानं काम होतं का?

मृद्गंध

काही औषधांपुरतं होतं, आणि हे समजून घेणं महत्त्वाचं. क्लोरपायरिफॉस, सायपरमेथ्रिनसारखी औषधं मातीच्या कणाला चिकटतात आणि गाळाबरोबर वाहतात. ग्लायफोसेट पाण्यात सहज विरघळतं, तरी चिकणमातीला घट्ट धरून राहतं. वाळा, मारवेल किंवा पवना गवताची १०-१५ फुटांची दाट पट्टी गाळ अडवते, म्हणून ही औषधंही अडतात.

ॲट्राझिन, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम मात्र पाण्याबरोबरच चालतात. गवत त्यांना फारसं अडवत नाही. त्यांच्यासाठी पावसाचा अंदाज बघणं हाच उपाय: ४८ तासांत जोरदार पाऊस असेल तर टाळा. उन्हाळी भेगा पडलेल्या काळ्या रानात पहिल्या वळवाच्या आधी तर बिलकुल नको. तिथे पाणी भेगांतून थेट खाली उतरतं, माती गाळण्याचं काम करतच नाही.

पट्टी कुठे हवी? बांधभर एकसारखी करण्यापेक्षा जिथून शेताचं पाणी बाहेर पडतं त्या सांडीपाशी रुंद करा. पाणी पातळ पसरून गवतातून गेलं पाहिजे. मधून ओघळ पडली असेल तर सगळं पाणी तिथूनच निसटतं, ती दगड रचून बुजवा. आणि त्या पट्टीवर तणनाशक मारू नका. हे सांगावं लागतं, कारण बांध साफ दिसावा म्हणून पहिलं ग्लायफोसेट तिथेच पडतं.

रानवेल

रिकाम्या बाटल्यांचं काय? जाळतात, नाहीतर ओढ्यात. काही घरी तेल-रॉकेल ठेवायला नेतात, हे तर भयानकच.

वाफसा

बाटली रिकामी झाल्याक्षणी, बॅरल पूर्ण भरायच्या आधी धुवायची. वाळलेलं औषध नंतर सुटत नाही. पाव बाटली पाणी, झाकण लावून ३० सेकंद जोरात हलवा, ते पाणी बॅरलमध्येच, थेंब थांबेपर्यंत उपडी धरा. असं तीनदा. यानं औषधाचे पैसेही वसूल होतात. मग बुडाला सळईनं भोक पाडा, म्हणजे कोणी परत वापरणार नाही. झाकण आणि आतलं चंदेरी सील वेगळ्या पिशवीत. सील धुता येत नाही, त्यावर घट्ट औषध असतं, आणि तेच सगळ्यात जास्त बांधावर फेकलं जातं. पुडीचा कोपरा न कापता पूर्ण तोंड उघडा, म्हणजे धुता येते.

जाळू नका. कमी तापमानाच्या जाळात क्लोरीन असलेल्या औषधांपासून मूळ औषधापेक्षा वाईट विषारी वायू निघतात. कीटकनाशक नियम १९७१ मधल्या नियम ४४ नुसार पाणी आणि परिसर दूषित होणार नाही अशीच विल्हेवाट लावायची, आणि रिकामी पॅकिंगं परत वापरली जातील अशी बाहेर टाकायची नाहीत. तो नियम मोडून-फोडून वस्तीपासून दूर पुरा असंही सांगतो, पण उथळ भूजलाच्या भागात पुरणं हा शेवटचा मार्ग समजा. धुतलेल्या, भोक पाडलेल्या बाटल्या गोणीत भरून कुलपात ठेवा आणि ग्रामपंचायतीमार्फत किंवा दुकानदारामार्फत एकत्र संकलनाला द्या. पन्नास शेतकऱ्यांच्या गोण्या एका दिवशी निघाल्या तर गाडी बोलावणं परवडतं. एकट्याच्या गोणीसाठी कोणी येत नाही.

द्राक्षबाग_तासगाव

बोरवाल्यांसाठी जोड: केसिंग पाइप (बोरच्या तोंडात बसवलेला संरक्षक पाइप) जमिनीच्या वर किमान दीड-दोन फूट हवा, भोवती बाहेरच्या बाजूला उतार दिलेला काँक्रीटचा ओटा, आणि केसिंगच्या भोवतीची फट सिमेंटनं बुजवलेली. पाइप जमिनीलगत कापलेला असेल तर पावसात शेतातलं पाणी सरळ बोरमध्ये जातं, मग वरचे सगळे उपाय करूनही उपयोग नाही. विहिरीलाही हाच नियम, कठडा आणि भोवती भर.

रानवेल

शेवटचा प्रश्न: गाडीवरून आणताना लिटरची बाटली फुटली आणि विहिरीजवळच्या वाटेवर सांडली, तर लगेच काय करायचं?

वाफसा

पाणी ओतायचं नाही, ही पहिली गोष्ट. पाण्यानं ते पसरतं आणि खाली जातं. रबरी हातमोजे, तोंडाला मास्क, मुलं आणि जनावरं दूर. उताराच्या बाजूला लगेच मातीचा छोटा बांध घाला. सांडलेल्यावर कोरडी माती, लाकडाचा भुसा किंवा राख टाका, १५-२० मिनिटं शोषू द्या, फावड्यानं ओढून प्लास्टिकच्या बादलीत भरा. मग ओल दिसते त्याच्याखाली आणखी चार इंच माती खणून तीही घ्या. ती माती बायोबेडमध्ये थोडी थोडी मिसळा. बायोबेड नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, वर औषधाचं नाव लिहून कुलपात ठेवा आणि बाटल्यांच्या संकलनाबरोबर द्या. ती पिकावर पसरू नका, कारण तिच्यातली मात्रा कोणालाच मोजता येत नाही. खणलेल्या जागी नवी माती आणि शेणखत भरून दाबा, आणि त्या वाटेनं येणारं पावसाचं पाणी विहिरीकडे न जाता शेताकडे वळेल अशी चर काढा.